कुंपणातला भ्रमणध्वनी

‘भ्रमणध्वनी’ हा शब्द ज्या कोणी घडविला, त्याने मराठीवर उपकारच केले आहेत. मग आपल्या घरांत तो फारसा कोणी उच्चारीत नसला तरी चालेल. आमच्या लिंबायत-उधन्यात खानदेशी आई लेकराला ‘मोबाईल ठेव’ असेच दटावते. तरीही शब्द नेमका आहे: माणसाबरोबर हिंडणारा आवाज. मात्र हा आवाज एका कुंपणाच्या आतच हिंडावा, बाहेर त्याने पाऊल टाकू नये, अशी योजना कोणी मुद्दाम करील आणि तिच्यावर पैसा खर्चील, हे काही वर्षांपूर्वी कोणी सांगितले असते तर मी हसलो असतो.

माझा एक जुना विद्यार्थी हजिऱ्याच्या बाजूच्या एका मोठ्या कारखान्यात हेच काम करतो. वडील पांडेसऱ्यात यंत्रमागावर होते. मुलगा अभियंता झाला. दिवाळीला भेटायला आला तेव्हा मी त्याला विचारले, “अरे, सगळ्या शहरात मोबाईल चालतो, मग तुमच्या कारखान्याला वेगळा कशाला?” तो म्हणाला, “सर, लोखंडी छपराखाली बाहेरच्या मनोऱ्याची लहर नीट पोचत नाही. आणि चालत्या क्रेनला ‘थांब’ म्हणून सांगायचे असेल, तर ते त्याच क्षणी पोचले पाहिजे. शिवाय कारखान्याची माहिती कारखान्यातच राहते.”

ही कल्पना आता नवलाची राहिलेली नाही. जून 2021 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने रेल्वेला 700 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात 5 मेगाहर्ट्झ लहरी दिल्या, त्या तिच्या स्वतःच्या संदेशवहनासाठी. जून 2022 मध्ये दूरसंचार विभागाने उद्योगांच्या अशा स्वतंत्र जाळ्यांसाठी नियम काढले, आणि त्याच वर्षी डिसेंबरात पुण्याजवळच्या चाकणला महिंद्रांच्या मोटार कारखान्यात एअरटेल व टेक महिंद्रा यांनी पाचव्या पिढीचे असे जाळे उभारल्याचे जाहीर झाले.

मला कुतूहल होते ते आतल्या यंत्रणेचे. दूरध्वनी केंद्र म्हटले की माझ्या पिढीच्या डोळ्यांसमोर एक अख्खी इमारत उभी राहते. आता ते सारे केंद्र एका कपाटातल्या सर्व्हरवर मावते, कारण पूर्वी यंत्रे करीत ती कामे आज्ञावल्या करतात. भिंतींवर बसविलेले आकाशक तारांनी त्या सर्व्हरला जोडलेले. एक आज्ञावली आलेल्या मोबाईलचे स्वागत करते, दुसरी त्याची ओळख पटविते, तिसरी त्याच्यासाठी वाट आखते आणि चौथी त्या वाटेवरून माहितीची प्रत्यक्ष ने-आण करते. “म्हणजे शाळेच्या कचेरीसारखेच की!” मी म्हणालो. कारकून, जनरल रजिस्टर, वेळापत्रक, शिपाई. तो हसला, पण त्याने नाही म्हटले नाही.

जनरल रजिस्टराची उपमा मला अजूनही सोडवत नाही. ज्याचे नाव त्यात आहे तो आपला. ज्याचे नाही त्याला फाटकातून आत येता येत नाही. प्रत्येक सिमकार्डात एक गुप्त किल्ली असते आणि तिचीच जोडी सर्व्हरच्या नोंदवहीत असते. गंमत अशी, की ही किल्ली हवेतून कधीच पाठविली जात नाही. सर्व्हर कार्डाला एक आकडा धाडतो, दर वेळी नवा, एक आणि शून्य यांच्या 128 स्थानांचा. कार्ड आपली किल्ली वापरून त्याचे उत्तर काढते. सर्व्हरही आपल्या बाजूने तेच गणित करतो. उत्तरे जुळली तर दार उघडते. शिवाय कार्डही त्याच वेळी सर्व्हर खरा की तोतया हे पडताळून घेते. आमच्या सुरतेत लाखोंचे हिरे कागदाच्या पुडीत घेऊन आंगडिया मुंबईची गाडी पकडतो, तोही असाच ओळखीवर. बहिर्जी नाइकांनी 1664 पूर्वी हे शहर पारखले अशी परंपरा सांगते. त्यांचीही काही खूण असणारच. (सुरतेतल्या मराठी मास्तराने ही गोष्ट वर्गात जरा जपूनच सांगायची असते.)

त्याने सांगितलेली आणखी एक गोष्ट माझ्या मनात घर करून बसली. कार्डावरच्या पंधरा आकडी क्रमांकातले पहिले तीन आकडे देशाचे असतात. भारताचे 404 आणि 405. परंतु खाजगी जाळ्यांसाठी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने 999 हा क्रमांक राखून ठेवला आहे. तो कोणत्याच देशाचा नाही. ताप्ती व्हॅलीच्या गाडीने दोंडाईचा-नंदुरबारहून इकडे आलेल्या आणि दोन्हीकडे पाहुणे ठरलेल्या आमच्या लोकांना हा क्रमांक शोभला असता!

हे सारे ज्ञान कौतुकापुरतेच राहिले असते. परंतु गेल्या पावसाळ्यात सहावीतली एक मुलगी शाळेच्या ओल्या पायऱ्यांवरून घसरली आणि तिचे कोपर मोडले. आम्ही तिला रुग्णालयात नेले. डॉक्टर म्हणाले, भूल देऊन शस्त्रक्रिया करावी लागेल, पालकांची संमती हवी. आई गावी गेलेली, तिचा फोन लागत नव्हता. वडील हजिऱ्याला, त्याच कारखान्यात, कंत्राटदाराकडे मजूर. त्यांचा मोबाईल वाजत राहिला, कारण तो फाटकावरच्या कप्प्यात ठेवलेला होता. आत न्यायला बंदी. मुलगी वेदनेने पांढरी पडली होती आणि सारखी विचारीत होती, “सर, पप्पा कुठे आहेत?”

मी माझ्या विद्यार्थ्याला फोन केला. कचेरीच्या इमारतीत बाहेरचा मोबाईल चालतो, म्हणून तो मला सापडला. त्याने नोंदवही पाहिली. त्या मजुराचे नाव तीत नव्हते. कंत्राटी माणसांना कार्डे मिळत नाहीत. त्याच्यावर देखरेख करणाऱ्या सुपरवायझरचे मात्र होते. दोन-तीन मिनिटांत वडील त्या यंत्रावर आले. आता अडचण अशी, की आतले जाळे बाहेरच्याला जोडलेलेच नाही. तेव्हा त्या पोराने काय करावे? आपल्या एका हातातले कारखान्याचे यंत्र आणि दुसऱ्या हातातला स्वतःचा मोबाईल त्याने एकमेकांना भिडवून धरले, एकाचे तोंड दुसऱ्याच्या कानाला. त्या फटीतून खरखरत मला अहिराणी शब्द ऐकू आले: “तिले सांगा, मी येस.” डॉक्टरांनी त्यांची तोंडी संमती ऐकली, तयारी सुरू केली आणि सही करायला वडील तासाभरात येऊन पोचले.

पुढे मी त्याला विचारले, मजुरांना कार्डे का नाहीत? त्याने कारणे सांगितली, आणि ती खोटी नव्हती. कंत्राटी माणसे सतत बदलतात. वायूच्या जागी ठिणगी न पाडणारी खास यंत्रे लागतात आणि ती महाग असतात. हे मला पटते. परंतु वायूच्या जागी त्या यंत्राविना उभा राहणारा माणूसही तोच असतो, हे मी त्याला म्हटले. तो काही वेळ गप्प राहिला. “सर, नाव घालायला मला अर्धे मिनिट लागते,” तो म्हणाला, “पण कोणाचे घालायचे, हे वरून येते.”

त्यानंतर त्याने वरिष्ठांना एक पत्र लिहिले. प्रत्येक कंत्राटदाराच्या टोळीमागे निदान एक यंत्र असावे आणि फाटकावर घरचे निरोप आत पोचविणारा एक माणूस असावा, एवढीच मागणी. पत्राचा मसुदा त्याने मला दाखविला होता. दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ सुधारण्यापलीकडे मला काही करावे लागले नाही. मग ध्यानात आले, की पत्र इंग्रजीतच जायचे आहे. मराठी त्याने फक्त मला दाखविण्यासाठी लिहिले होते. उत्तर अजून आलेले नाही.

आमच्या शाळेच्या प्रवेशअर्जात मात्र या जूनपासून एक रकाना वाढला आहे: पालक कामावर असताना त्यांना निरोप कोण देईल, त्याचे नाव व क्रमांक. बहुतेक पालक तिथे फाटकावरच्या पहारेकऱ्याचा क्रमांक लिहितात. काही जण तो रकाना कोराच ठेवतात, आणि त्यांच्याजवळ बसून मी पुन्हा विचारतो.