वैतरणीच्या अलीकडे

माझं माहेर मुरबाड तालुक्यातलं आणि सासर आसनगावजवळ, माहुलीच्या पायथ्याला. दोन्हीकडे मरण घरातच बघायची सवय. माणूस फार आजारी झालं की त्याची खाट ओटीवर येते, गाव येऊन बसून जातं, पोरंटोरं तिथंच खेळत असतात. त्यामुळं मरण म्हणजे काय हे मला कुणी वेगळं शिकवलं नाही. शिकवलं ते मरणानंतर काय होतं ते, आणि ते फार लहानपणी.

आजोबा गेले तेव्हा मी नुकती शाळेत जायला लागले होते. त्यांनी जिथं प्राण सोडला तिथं दिवा लावला, शेजारी तांदळाचं पीठ पसरलं आणि त्यावर टोपली पालथी घातली. सकाळी टोपली उचलून पिठात कशाचं पाऊल उमटलंय ते बघायचं, म्हणजे माणूस कुठल्या जन्माला गेलं ते कळतं, असं आजीनं सांगितलं. ती रात्र मी टक्क जागी होते. टोपलीखाली कुणीतरी चालतंय आणि ते आपले आजोबा आहेत, पण आता ते आपल्याला ओळखायचे नाहीत, असं मनात येत राहिलं. त्यात पौष पौर्णिमेच्या म्हशाच्या जत्रेत पाहिलेलं चित्र होतं: यमाचा दरबार, उकळत्या तेलाची कढई, खोटं बोलणाऱ्याची जीभ ओढणारे दूत. मोठी माणसं ते चित्र हौसेनं घेऊन भिंतीला लावत. पोरांना त्यातलं एकेक माणूस रात्री आठवे.

ही भीती वयाबरोबर गेली नाही. लग्न होऊन आसनगावला आले, कामाला लोकलनं जाऊ लागले, तेव्हाही रुळावर पांढरं कापड टाकलेलं दिसलं की माझ्या मनात पहिला प्रश्न तोच यायचा: हा आता कुठं असेल? घरच्यांना कळायच्या आधी, नाव-गाव कळायच्या आधी गेलेला माणूस कुठल्या वाटेला लागत असेल?

२०२३ च्या जुलैची शेवटची रात्र सरून ऑगस्ट लागला, त्या मध्यरात्री आमच्या शहापूर तालुक्यातल्या सरळांबे इथं समृद्धी महामार्गाच्या पुलाचं काम चालू असताना गर्डर चढवणारं अवजड यंत्र कोसळलं. २० माणसं गेली. त्यात कितीतरी जण दूरच्या राज्यांतून पोट भरायला आलेले. आठवडाभर गावात दुसरा विषय नव्हता. माझ्या सासूबाईंना मी आई म्हणायचे. त्यांनी मात्र कसं कोसळलं, कुणाची चूक, यातलं काहीच विचारलं नाही. त्या म्हणाल्या, “त्यांना पाणी कोण देईल गं? घर किती लांब राह्यलं त्यांचं.”

त्या वर्षीच्या सर्वपित्री अमावास्येला आईंनी कौलावर ठेवायच्या पानांत एक पान जास्त वाढलं. खीर, वडे, भोपळ्याची भाजी, सगळं इतर पानांसारखंच. कुणाचं म्हणून विचारलं तर म्हणाल्या, “त्या पुलावरच्या पोरांचं.” आमच्याकडे येणाऱ्या भजनीबुवांना मी नंतर हे सांगितलं. ते म्हणाले, यात वावगं काही नाही. ज्यांच्यामागे कुणी नाही त्यांच्यासाठी तर्पणात पाणी सोडतात, नात्यात नसलेल्याच्या नावानंही पिंड देता येतो, त्याला धर्मपिंड म्हणतात. आईंना यातलं शास्त्र ठाऊक नव्हतं. परक्या मुलखात मेलेल्या पोरांना भूक लागली असेल एवढंच त्यांना कळत होतं. लहानपणापासून परलोक म्हटलं की मला कढई आठवायची. त्या दिवशी पहिल्यांदा त्यात कुणीतरी वाढलेलं पान दिसलं.

पुढच्याच वर्षी आईंच्या पोटात कॅन्सर निघाला, तोही पसरलेला. आसनगावहून लोकल, दादरला उतरून परळचं टाटा, अशा खेपा सुरू झाल्या. काही महिन्यांनी डॉक्टरांनी समजावून सांगितलं की आता उपचारांनी त्रासच वाढेल, घरी न्या, दुखणं आवरायची औषधं आम्ही देतो. त्यात मॉर्फिनच्या गोळ्या होत्या. २०१४ साली अमली पदार्थांच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि असं औषध रुग्णापर्यंत पोचायची वाट थोडी मोकळी झाली, हे मला तिथंच कळलं. घरातल्या काहींना त्या गोळ्यांचीच धास्ती होती. पण डॉक्टरांनी लिहून दिलेल्या वेळा पाळल्या तशा आईंच्या कपाळावरच्या आठ्या सैल झाल्या. चार घास जाऊ लागले. दुखणं उतरल्यावरच त्या मरणाबद्दल बोलू लागल्या. तोवर कळांनी त्यांना बोलायला जागाच ठेवली नव्हती.

त्याच सुमारास नात्यातले एक वडीलधारे येऊन बसू लागले. त्यांनी गरुडपुराणाची पोथी आणली होती. माणूस गेल्यावर सुतकाच्या दिवसांत ती वाचायची रीत आहे, मागे राहिलेल्यांनी ऐकायची म्हणून. यांनी आई जिवंत असतानाच ओटीवर वाचायला सुरुवात केली. यमाच्या नगरीची लांबच लांब वाट, तापलेली वाळू, काटे, आणि मध्ये रक्ता-पुवानं भरलेली वैतरणी नदी. गाय दान केली असेल तर तिची शेपटी धरून पार व्हायचं, नाहीतर बुडत राहायचं. त्यांचा हेतू वाईट होता असं मी म्हणणार नाही. त्यांना वाटत होतं की माणसानं तयारीनं जावं. पण त्या दिवसापासून आई रात्री दिवा मालवू देईनात. डोळा लागला की दचकून उठत. एका रात्री माझा हात घट्ट धरून म्हणाल्या, “बाय, मरायला मी भीत नाय. पण ती नदी यकटीनं कशी वलांडू?”

आईंचं माहेर वैतरणेच्याच काठचं. ती वैतरणा आमच्याच मुलखातली. त्र्यंबकेश्वराकडच्या डोंगरांत उगम पावते आणि अर्नाळ्याजवळ समुद्राला मिळते. तिच्यावरचं मोडकसागर १९५७ साली पुरं झालं, मध्य वैतरणा धरण २०१४ साली, आणि मुंबई रोज तिचं पाणी पिते. पुराणातली वैतरणी वेगळी, हे मला ठाऊक होतं. तरी त्या रात्री मी आईंना त्यांच्या नदीबद्दल विचारलं. लहानपणी पलीकडे कशा जायच्या? आधी म्हणाल्या, “ती माझी नदी, ही दुसरी.” मग थोड्या वेळानं आपणहून बोलू लागल्या. पावसाळा सरता सरता गुरं पलीकडे न्यायची असत. वडील म्हशीची शेपटी हातात देत आणि सांगत, सोडू नको, बाकीचं ती बघेल. म्हैस पाण्यात शिरताना फुरफुरायची, मग संथ चालायची. पलीकडे आत्याचं घर होतं, तिथं भाकरी मिळायची. हे सांगताना आईंच्या बोटांची पकड ढिली झाली.

दुसऱ्या दिवशी मी त्या वडीलधाऱ्यांना पाण्याचा तांब्या दिला, पाया पडले आणि म्हटलं, “काका, पोथी नंतर वाचू. आत्ता आईंना झोपेची गरज आहे.” ते रागावले. माझे पती माझ्या बाजूनं उभे राहिले. पोथी बंद झाली. भजनीबुवा संध्याकाळी येऊन हरिपाठ म्हणू लागले. वारकऱ्याचं यमाशी भांडण नाही, भीतीही नाही, असं ते म्हणत. ज्ञानदेवांनी १२९६ साली आळंदीला आपल्या पायांनी चालत जाऊन समाधी घेतली, हे आईंनी आयुष्यभर कीर्तनात ऐकलं होतं. पण ज्ञानदेव म्हणजे ज्ञानदेव. आपल्यासारख्या बाईला ते कसं जमेल, अशी त्यांची शंका होती.

दुपारच्या वेळी बौद्धवाड्यातल्या एक ताई येऊन बसायच्या. दोघी तरुणपणी एका बांधावर भात लावलेल्या. त्यांच्या घरात श्राद्ध नाही आणि पिंडही नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत ते स्पष्ट आहे. माणूस गेलं की जलदान, पुण्यानुमोदन, एवढंच. आईंनी त्यांना विचारलं, “मग तुमचं माणूस जातं कुठं?” ताईंनी सरळ उत्तर दिलं नाही. किसा गौतमीची गोष्ट सांगितली. मेलेलं मूल कडेवर घेऊन औषध मागत फिरणारी आई. बुद्धांनी तिला सांगितलं, ज्या घरात कुणी मेलं नाही त्या घरून मोहरी आण. ती दारोदार फिरली आणि मोकळ्या हातानं परत आली. आई ऐकत होत्या. गोष्ट संपली आणि त्या रडायला लागल्या. ताई उठून गेल्या नाहीत. पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

ताई गेल्यावर मी आईंना विचारलं, “आई, नेमकी कशाची भीती वाटते?” इतके दिवस आम्ही सगळे त्यांना “घाबरू नका” एवढंच म्हणत होतो.

तेव्हा त्यांनी सांगितलं. त्यांची पहिली मुलगी दात यायच्या आत गेली होती. माझ्या नवऱ्यालाही याची नीट माहिती नव्हती. एवढ्या लहान लेकराला जाळत नाहीत, पुरतात. दहावं नाही, तेरावं नाही, पिंड नाही, दर वर्षीचं पान नाही. बायका स्मशानात जात नाहीत, त्यामुळं कुठं पुरलं तेही आईंनी कधी पाहिलं नव्हतं. मधल्या सगळ्या वर्षांत प्रत्येक पितृपक्षात सासू-सासऱ्यांची, दीर-नणंदांची पानं त्यांनी वाढली आणि या पोरीचं पान राहिलंच. “ती तिकडं उपाशी हाय. मी गेले की मला ईचारील, आये, तू मला इसरलीस का?” नदी, वाळू, काटे, सगळ्याच्या पलीकडे त्यांना ही भेट दिसत होती.

मी बुवांकडे गेले. ते बराच वेळ गप्प राहिले आणि संध्याकाळी खाटेजवळ बसून आईंना म्हणाले, “माय, लेकराचा विधी करत नाहीत तो त्याला काही लागत नाही म्हणून. त्यानं पाप केलं नाही, त्याच्यावर कसलं ऋण नाही. त्याला वाट चालावीच लागत नाही. तुझी पोर उपाशी नाही.” एवढी साधी गोष्ट या बाईला कुणी कधीच सांगितली नव्हती. पुरुषांनी पुरलं, हात धुतले, बाईनं रडून घ्यावं म्हणून सोडून दिलं. रीत पाळली गेली, पण तिच्यामागचं कारण ज्या आईला हवं होतं तिच्यापर्यंत आलंच नाही.

माझे एक चुलत सासरे तेव्हा हयात होते. त्यांना ती जागा आठवत होती, भारंगीच्या काठाला, एका करंजाच्या खाली. आम्ही आईंना रिक्षेनं जाईल तिथवर नेलं आणि पुढं खुर्चीसकट उचललं. बाईमाणसानं तिकडे जाऊ नये असं कुणीतरी म्हणालं, पण थांबवलं नाही. आईंनी आपल्या हातानं तिथं दूध सोडलं आणि काळ्या मण्यांच्या दोन मनगट्या ठेवल्या. फार रडल्या नाहीत. जागा बघत राहिल्या, मग “चला” म्हणाल्या. त्या रात्रीपासून दिवा मालवला तरी त्यांना चालू लागलं.

त्यानंतर त्या थोडेच दिवस होत्या. गेल्या तेव्हा शुद्धीवर होत्या, माझा आणि नणंदेचा हात हातात होता, तोंडात तुळशीचं पान होतं. बाकी सगळं रीतीप्रमाणं झालं. पुरुष गेले, आम्ही बायका घरात राहिलो. जागेवर दिवा लावला, पीठ पसरलं, टोपली झाकली. सकाळी टोपली उचलली तेव्हा पिठावर बारीक रेघा होत्या. मला त्या मुंग्यांच्या वाटल्या. एक आजी म्हणाल्या, पाखराची पावलं. नणंद ते ऐकून समाधानानं हसली, आणि मी काही बोलले नाही, कारण मलाही ते ऐकायला बरं वाटलं. लहानपणी ज्या टोपलीनं मला झोपू दिलं नव्हतं, तिच्याशी आम्ही सगळ्या दाटीवाटीनं बसलो होतो.

शेजारच्या ठाकूरवाडीत कुणी गेलं की थाळ वाजवणारा बसतो. थाळीला मेणानं चिकटवलेल्या काडीवरून बोटं ओढत रात्रभर गाऊन गेलेल्याला वाटेला लावतो. बौद्धवाड्यात भन्तेजी येतात. मुसलमान घरात जनाजा उठला की रस्त्यातले अनोळखी लोकही खांदा द्यायला पुढं होतात. पलीकडे काय आहे याबद्दल या सगळ्यांचं म्हणणं वेगवेगळं आहे आणि त्यातलं खरं काय ते मला सांगता येणार नाही. पण जाणाऱ्याला एकटं सोडायचं नाही, यात कुणाचाच मतभेद दिसत नाही. आईंना भीती होती ती एकटं पडण्याची आणि आपण कुणालातरी एकटं टाकल्याची. पोथीतल्या नदीनं त्या भीतीला रूप दिलं, इतकंच.

म्हणून आता गावात कुणाचं दुखणं शेवटाला आलं की मी जाऊन बसते आणि घरच्यांना दोन गोष्टी सांगते. दुखणं कमी करायचं औषध मागायला लाजू नका, अर्धी भीती दुखण्याचीच असते. आणि मरणाऱ्याच्या उशाशी यमयातना वाचू नका. पोथी वाचायचीच असेल तर त्याला आवडते ती वाचा. त्यापेक्षा त्याला विचारा, कशाची भीती वाटते, आणि उत्तर येईपर्यंत तिथंच बसा. उत्तर बहुतेक वेळा या बाजूचंच असतं: न फिटलेलं देणं, न बोललेला भाऊ, न पाहिलेली जागा. त्यातलं काही ना काही करता येतं. मरणाची भीती मला अजून वाटते. पण माझी वेळ येईल तेव्हा काय हवं ते मला आता ठाऊक आहे आणि मी ते माझ्या मुलांना आत्ताच सांगून ठेवलं आहे.