बिनआरशाचा कॅमेरा

एखाद्या वस्तूत काय नाही, यावरून तिचे नाव ठेवण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे. तारा नाहीत म्हणून संदेश ‘बिनतारी’ झाला. धूर नाही म्हणून चूल ‘निर्धूर’ झाली. अशा नावात एक गंमत असते. जे गेले त्याची आठवण ते नाव जपून ठेवते. सध्या छायाचित्रकारांच्या जगात असेच एक नाव रूढ झाले आहे: ‘मिररलेस’, म्हणजे बिनआरशाचा कॅमेरा. आमच्या घरच्या कोकणीत आरशाला ‘आरसो’ म्हणतात. तेव्हा ‘आरसो नाशिल्लो कॅमेरा’ म्हणावयासही आमची हरकत नाही.

हा आरसा कोठे असतो व काय करतो, हे विद्यार्थिमित्रांना आधी सांगावयास हवे. कारण त्यांपैकी बहुतेकांनी छायाचित्र काढले आहे ते फोनवर. भिंगातून आत आलेला प्रकाश तिरप्या ठेवलेल्या आरशावर पडतो, तेथून वर जातो, एका दुधी काचेवर चित्र उमटवितो, आणि माथ्यावरील पंचकोनी लोलकात वळसे घेत डोळ्यापर्यंत पोचतो. हा ‘एस. एल. आर.’ कॅमेरा. डोळ्याला दिसतो तो प्रत्यक्ष वस्तूकडून निघालेलाच प्रकाश. कळ दाबली की आरसा टपकन वर उचलला जातो, पडदा उघडतो, चित्र घेतले जाते, पडदा मिटतो व आरसा खाली येतो. ‘खटॅक’ असा जो आवाज आपण लग्नमंडपात ऐकतो, त्यात या आरशाचा वाटा मोठा.

आता यातला चमत्कार पाहा. आरसा वर असतो तेवढा वेळ डोळ्यापुढे अंधार असतो. म्हणजे ज्या क्षणाचे चित्र निघते, नेमका तोच क्षण चित्र काढणाराला दिसत नाही! मंगलाष्टके संपतात, अंतरपाट दूर होतो, अक्षता उडतात, वधूवरे एकमेकांकडे पाहतात. साऱ्या मंडपाने ते पाहिलेले असते, एका छायाचित्रकाराखेरीज. त्याने पाहिलेला असतो त्याच्या अलीकडचा क्षण आणि पलीकडचा क्षण. मधला तो अंदाजाने पकडतो. या अंदाजालाच आमच्या मते त्या कलेत हात बसणे म्हणत असावेत.

हा अंधारही पूर्वी फार मोठा होता. जुन्या काळच्या पुष्कळ कॅमेऱ्यांत वर गेलेला आरसा पुढच्या चित्रासाठी फिल्म सरकवीपर्यंत वरच राही. १९५४ साली जपानच्या असाही कंपनीने आपल्या असाहीफ्लेक्स कॅमेऱ्यात आरसा आपोआप, तत्क्षणी खाली येण्याची योजना केली. १९५९ साली निकॉनचा ‘एफ’ आला आणि आरशाचा कॅमेरा हाच व्यवसायाचा कॅमेरा, असे जणू ठरून गेले. आमच्या लहानपणी छत्तीस चित्रांची फिल्म जाऊन तिच्या जागी सेन्सर आला, तरी आरसा हलला नाही. हलला तो पुढे. २००८ साली पॅनासॉनिकने भिंगे बदलता येणारा, पण आरसा नसलेला ‘जी-१’ काढला. २०१३ साली सोनीने ‘ए-७’ आणला. २०१८ साली निकॉन व कॅनन या दोघांनीही आपले पूर्ण आकाराच्या सेन्सरचे बिनआरशाचे कॅमेरे बाजारात आणले. असाहीच्या परंपरेतील पेंटॅक्सने मात्र २०२१ सालीही नवा आरशाचा कॅमेरा काढला. त्या हट्टाचे आम्हांला कौतुक वाटते.

इतिहास पुस्तकात वाचावयास बरा. व्यवहारात तो माणसाच्या खिशाला लागतो. फोंड्याजवळ राहणारे आमचे एक स्नेही गेली पंधरा वर्षे लग्नसमारंभांची छायाचित्रे काढून संसार चालवितात. पैसा पैसा जमवून त्यांनी सहा भिंगे घेतली आहेत. पावसाळ्यात आमच्या दमट हवेने भिंगांना बुरशी धरते, म्हणून जून ते सप्टेंबर ती घट्ट झाकणाच्या डब्यात, ओल शोषणाऱ्या पुड्यांच्या संगतीत नांदतात. त्या डब्याला मुलांनी हात लावावयाचा नाही, असा घरातला दंडक आहे. गेल्या वर्षी ते आमच्याकडे येऊन म्हणाले, “मास्तर, गिऱ्हाईक आता कॅमेरा कोणता ते विचारते. बदलू म्हटले तर कर्ज. न बदलू म्हटले तर लग्ने जातील. तुम्ही वाचणारे माणूस, काय ते सांगा.”

मग आम्ही दोघांनी कागद घेऊन हिशेब मांडला. त्यांचा कॅमेरा निकॉनचा डी-८५०, वजन १००५ ग्रॅम. त्याच घरचा बिनआरशाचा झेड-७, वजन ६७५ ग्रॅम. लग्नात दहा तास गळ्यात वागविणाऱ्याला हा फरक मानेत कळतो. पण एकदा भरलेल्या बॅटरीवर ठराविक चाचणीत पहिल्याने १८४० चित्रे दिली, दुसऱ्याने ३३०. प्रत्यक्षात याहून अधिक निघतात हे खरे; तरी जोडीला बॅटऱ्या हव्यातच, आणि त्या काही फुकट मिळत नाहीत. राहिली भिंगे. आरशाला हालचालीसाठी जागा लागते, म्हणून जुन्या कॅमेऱ्यात भिंगाचे बसणे आणि सेन्सर यांत ४६.५ मिलिमीटर अंतर ठेवलेले असते. नव्यात ते १६ मिलिमीटर आहे. वजाबाकी करा: ३०.५. एवढ्या जाडीचे कडे मध्ये बसविले की जुनी भिंगे नव्या कॅमेऱ्यावर चढतात. मात्र आमच्या स्नेह्यांची दोन जुनी भिंगे कॅमेऱ्यातील मोटरीवर फिरणारी होती. कंपनीच्या कड्यात ती मोटर नाही. ती चढली, पण त्यांची जुळणी यापुढे हातानेच करावी लागणार.

लाभाची बाजूही भरघोस होती. नव्या कॅमेऱ्यात सेन्सर स्वतःच पाहतो आणि डोळ्याजवळच्या लहानशा पडद्यावर दाखवितो. चित्र काळे पडणार की पांढरे, हे कळ दाबण्याआधीच समजते. माणसाचा डोळा हुडकून तो त्यावर नेम धरतो. हवे तर मुळीच आवाज होत नाही. देवळात काय, चर्चमध्ये काय, पुरोहितांची वक्र दृष्टी चुकते. (बिनआवाजी पद्धतीत मंडपातील दिव्यांचे पट्टे चित्रावर उमटण्याचा संभव असतो, एवढी खोड आहे.) आणि सोनीच्या २०१७ सालच्या ‘ए-९’पासून काही कॅमेऱ्यांत तो मधला अंधारही नाहीसा झाला. अंतरपाट सरताना छायाचित्रकारालाही आता लग्न दिसू लागले आहे!

आम्ही त्यांना बदला असेच सांगितले. ज्याचे पोट त्या एका क्षणावर आहे, त्याने तो क्षण दाखविणारे यंत्र घ्यावे. आमची स्वतःची आवड मात्र उलटी आहे. मंगेशीच्या देवळासमोरील सात मजली दीपस्तंभ उजळलेला असताना आरशाच्या कॅमेऱ्यातून पाहिले, तर त्या ज्योतींचाच प्रकाश डोळ्यात उतरतो. नव्यातून दिसते ते दीपस्तंभाचे चित्र. सुबक, चोख, पण चित्रच. आम्हांला काही छायाचित्रे विकावयाची नाहीत, त्यामुळे ही चैन आम्हांला परवडते.

स्नेह्यांनी हप्त्यांवर नवा कॅमेरा व कडे घेतले, चार भिंगे ठेवली, आणि जुना कॅमेरा त्या दोन भिंगांसह संमेलनापुरता शाळेकडे दिला आहे. नववीच्या मुलांनी पहिल्याच दिवशी कळ दाबून तक्रार केली, “सर, मध्येच काळे होते!” आम्ही त्यांना लोलक काढून दाखवू शकत नाही, म्हणून भिंग उतरवून, बोट न लावता, आरसा तेवढा दाखविला. सध्या रांग त्यासाठी लागते, चित्रे काढण्यासाठी नव्हे.