या, बसा!

आपल्याकडच्या स्वागताची मला मोठी मौज वाटते. आलेला माणूस कशाला आला, हे विचारण्याआधी आपण त्याला 'बसा' म्हणतो. लुगड्यांच्या जुन्या दुकानांतून हा रिवाज पुरेपूर पाळला जाई. पांढऱ्याशुभ्र गादीवर गिऱ्हाईक बसे आणि समोर दाखवणाराही बसे. वीस लुगडी उलगडून एकही पसंत पडले नाही, तरी "बघायला का पैसे पडतात, वहिनी?" म्हणत तो पुन्हा घड्या घालू लागे. हा गोडवा त्याच्या जिभेत होता असे लोक म्हणतात. मला वाटते, निम्मा त्या गादीत होता!

आता बहुतेक दुकाने काचेची झाली. तिथे विकणारी मुलगी सकाळपासून उभी. गिऱ्हाईक नसले तरी बसायचे नाही. बसली की दुकानाची शोभा जाते म्हणे! पोटऱ्या ठणकत असताना हसतमुख राहणे, हेही तिच्या पगारातच धरलेले. केरळात कोळिकोडच्या कापडदुकानांतल्या बायकांनी या बसण्यासाठी चळवळ केली. २०१८ साली तिथल्या कायद्यात कामगारांच्या बैठकीची तरतूद झाली; २०२१ साली तमिळनाडूनेही तसेच केले. एका साध्या स्टुलासाठी कायदा करावा लागला!

गिऱ्हाईक म्हणजे देव, असे दुकानदार मोठ्या भक्तिभावाने सांगतात. असेलही. पण देवापुढे आपण मांडी घालून बसतोच की! देव कधी रागावल्याचे ऐकिवात नाही.