फिनाईलची बाटली खाली ठेव

पोलादपूर,
रोहिणी लागल्याचा दुसरा दिवस

चि. बाळ्यास आत्याचे अनेक आशीर्वाद. आशीर्वाद आहेत, पण या खेपेला हात जरा आखडता आहे.

काल रात्री तुझा फोन आला तेव्हा आत्या भाकऱ्या थापत होती, म्हणून नुसतं ‘हं, हं’ केलं. तव्यावरची एक भाकरी करपली, ती तुझ्या एका वाक्यापायी. ‘वाघ्याचं नाक मुतात घासलं आणि पाठीत एक ठेवून दिली, आता शिकेल बरोबर,’ असं म्हणालास आणि वर हसलास. विचारलंस काय, तर फिनाईल कुठलं चांगलं, काळं की पांढरं! तेव्हाच तोंड उघडलं असतं तर आळी गोळा झाली असती. म्हणून पत्र. सकाळच्या गाडीने येणाऱ्याच्या हाती देत्येय, सोबत एक पिशवीही आहे. पिशवी आधी उघडू नकोस, पत्र आधी वाच.

वाघ्या आज नऊ आठवड्यांचा आहे. पिल्लाचं वय जितके महिने त्यात एक मिळवायचा, तितके तास ते फार तर कळ काढू शकतं, असा गुरांच्या डॉक्टरांचा ढोबळ हिशेब. म्हणजे याला तीन तास, आणि तेही झोपेत. जागं असेल, खेळत असेल तर तासाभरातच. तुझा स्वतःचा ताबा पहिलीत असताना किती होता? सोनाराकडच्या लग्नातली ती गादी आठवते ना? तुझं नाक कुणी घासलं नव्हतं. आजीने गादी उन्हात टाकली आणि वऱ्हाडाला सांगितलं, रात्री तांब्या सांडला.

काळीने वाघ्याला कसं वाढवलं ते तू पाहिलं नाहीस, आत्याने पाहिलंय. पडवीत लाकडांच्या राशीमागे गोणपाटावर पाच पिल्लं. पहिले तीन आठवडे कुत्र्याच्या पिल्लाला आपलं आपण मुतताही येत नाही. आई पोटाखालून चाटते तेव्हा होतं, आणि ती ते चाटूनच साफ करते. तिसरा आठवडा सरला तशी ही ठेंगणी फौज लटपटत गोणपाटाच्या कडेपर्यंत जायला लागली. एके सकाळी वाघ्याचे मागचे दोन पाय गोणपाटावर आणि पुढचे दोन मातीवर. तो थांबला, माती हुंगली, मागचे पायही खाली ओढले, गोल फिरला आणि बसला. उठून परत आईच्या कुशीत. काळीने मानसुद्धा वर केली नाही. झोपतो तिथे घाण करायची नाही, एवढी अक्कल उपजत असते. पायाखाली काय असलं की बसायचं, ही खूणगाठही साधारण आठ-नऊ आठवड्यांपर्यंत बसते. वाघ्याची खूणगाठ आहे अंगणातली लाल माती. तू त्याला उचलून नेलंस तुझ्या गुळगुळीत टाइल्सवर! आता त्याला सगळंच घर परकं. सहाव्या आठवड्यातच मागत होतास, आत्याने दिला नाही म्हणून रुसलास. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला २०१७ च्या केंद्राच्या नियमातही मनाई आहे. आत्याने काही विकलं नाही, पण नियमामागचं कारण फुकट दिलेल्या पिल्लालाही लागू पडतं.

तुझी अडचण आत्याला कळत नाही असं नाही. दोन खोल्या, दीड हाताची गॅलरी, वर दुसरा मजला. पडवी नाही, अंगण नाही. खाली रस्त्यावर न्यावं तर लसी पुऱ्या झालेल्या नाहीत आणि पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने जिवंत राहतो. आजारी कुत्र्याच्या विष्ठेतून तो येतो, आणि रक्ताची हगवण लागलेलं पिल्लू दोन-तीन दिवसांत हातचं जातं. आपल्या आळीत मागल्या साली तीन गेली. तेव्हा सोळा आठवड्यांपर्यंतचे डोस पुरे होऊन डॉक्टर हो म्हणेपर्यंत वाघ्याला खाली जमिनीवर सोडायचं नाही. घराबाहेर न्यायचं नाही आणि घरात करू द्यायचं नाही, मग त्याने जायचं कुठे? मोरीत.

आता पिशवी उघड. जुनी पसरट परात आहे आणि आपल्या अंगणातली माती, चांगली चार उन्हं दिलेली. परातीत दोन बोटं माती पसर आणि ती मोरीच्या कोपऱ्यात ठेव, त्याच्या जेवणाच्या ताटलीपासून लांब. उठला की नेऊन ठेवायचा, खेळून थांबला की ठेवायचा, जेवल्यावर पाच ते वीस मिनिटांत ठेवायचा, कारण पोटात अन्न पडलं की आतडं हलतं. रात्री दोनदा गजर लावून उठायचं. तुझी बायको उठेल असं धरून चालू नकोस. बसला आणि झालं, की त्याच क्षणी उकडलेल्या अंड्याचा एक कण. दोन सेकंदांत. खोलीत येऊन डबा शोधून दिलास तर त्याला वाटेल, खोलीत येण्याचंच बक्षीस आहे. विष्ठा लगेच उचलायची, पण ओल्या मातीतली चिमूटभर राहू द्यायची, म्हणजे पुढच्या वेळी नाकच त्याला वाट दाखवील. नजर ठेवायला कुणी नसेल तेव्हा स्वयंपाकघराच्या दारात पाट आडवा लाव. सगळं घर एकदम मोकळं सोडलं तर तो कुठे कुठे लक्ष ठेवणार आणि तू तरी कुठे! डोळ्यांदेखत चुकीच्या जागी बसला तर न ओरडता उचलून परातीत. होऊन गेलेलं नंतर दिसलं, तर पुसायचं आणि गप्प बसायचं.

तू म्हणालास, त्याला कळतं, बघ कसा कान पाडून अपराध्यासारखा बसतो. अलेक्झांड्रा होरोविट्झ नावाच्या अमेरिकन बाईंनी यावर प्रयोग केला, तो २००९ साली छापून आला. मालक बाहेर गेला की काही कुत्र्यांना मना केलेला खाऊ मिळू द्यायचा, काहींना नाही, आणि मालकाला काही वेळा मुद्दाम खोटंच सांगायचं. तो पडलेला चेहरा खाऊ खाल्ल्यामुळे येत नव्हता, मालक ओरडला की येत होता. काही न खाल्लेली कुत्रीही ओरडा बसल्यावर तितकीच ओशाळी दिसली. वाघ्याच्या चेहऱ्यावर जे दिसतं ते तुझं भय आहे, बाळ्या. उद्या तो तुझ्यासमोर मुतणार नाही, कपाटामागे जाऊन मुतेल, आणि मग परातीतसुद्धा तुझ्यादेखत बसणार नाही. रायगडाच्या तालुक्यात राहतोस म्हणून नाव वाघ्या ठेवलंस, हौसेने. गडावरच्या वाघ्या कुत्र्याच्या स्मारकावरून माणसं इतकी वर्षं भांडतायत, पण त्या नावाच्या जिवाने मालकाला पाहून कपाटामागे दडावं, हे काही शोभत नाही.

आणि आता फिनाईल. तू हसशील, घरातले सगळेच हसतात, पण आत्याचा या बाटलीवर जुना राग आहे. फिनाईल घाण काढत नाही, वासावर वास घालतं. माणसाच्या नाकात वास ओळखणाऱ्या पेशी पन्नास-साठ लाख, कुत्र्याच्या वीस कोटींच्या वर. तुला देवळाच्या गाभाऱ्यासारखी स्वच्छ वाटणारी फरशी त्याला अजून ‘इथेच’ म्हणून सांगत असते. शिवाय काळ्या फिनाईलमधली द्रव्यं पिल्लू पाय चाटून पोटात घेतं, ते वेगळंच. आधी रद्दीने टिपून घे, साध्या पाण्याने धू, मग निम्मं पाणी घातलेलं पांढरं व्हिनेगर, टाइल्सच्या सांध्यांतून फिरव. मोरीतल्या शहाबादीवर मात्र व्हिनेगर नको, तो चुन्याचा दगड, खाल्ला जातो. मुतावर थेट ब्लीच कधीही ओतू नकोस, त्यातून उठणारी वाफ छातीला वाईट.

२०२१ चा जुलै आठव. २२ तारखेला सावित्रीचं पाणी महाडच्या बाजारपेठेत पहिल्या मजल्यापर्यंत चढलं होतं. त्याच दिवशी तळिये दरडीखाली गेलं, इकडे केवनाळे आणि साखर सुतारवाडी. पाणी ओसरल्यावर आत्या तुझ्याकडे आली तेव्हा सगळ्या महाडला एकच वास, फिनाईल आणि ब्लीचिंग पावडर. गल्ल्या पांढऱ्याफटक. आणि तुझ्याच दुकानातलं मागचं फडताळ दिवाळीत सरकवलं तर मागे वीतभर गाळ, वाळून तडकलेला! वास गेला म्हणून सगळ्यांनी धरलं की घाण गेली.

याहून पुढचं सांगते. तुझ्या घरापासून चवदार तळं पाच मिनिटांवर. नगरपालिकेने १९२४ सालीच ते सगळ्यांना खुलं केल्याचा ठराव केला होता. गुरंढोरं, कुत्रीमांजरं तिथे पाणी पीत, त्यांना कुणी हटकत नव्हतं. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी आणि त्यांच्यामागून हजारो माणसांनी ते पाणी प्यायलं, तेव्हा मात्र सनातनी मंडळींनी पंचगव्याच्या घागरी ओतून तळं ‘शुद्ध’ करून घेतलं. घाण पाण्यात नव्हतीच, ओतणाऱ्यांच्या डोक्यात होती, आणि तिच्यावर घागर कोण ओतणार? मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल यायला १९३७ उजाडलं. कुत्र्याच्या मुतावरून आत्या कुठे गेली, म्हणशील. म्हण. त्या दिवसाची आणि परातीची बरोबरी नाही, एवढं आत्यालाही कळतं. पण महाडच्या माणसाने तरी काहीही ओतण्याआधी घाण नक्की कुठे आहे ते वाकून बघावं.

खरी काळजी वेगळीच आहे. छकुली रांगते. त्याच फरशीवर तळहात टेकते आणि तोच हात तोंडात घालते. लेप्टोचे जंतू उंदरांच्या मुतातून येतात तसे कुत्र्याच्याही. कातडीवरच्या बारीक चिरेतून आत शिरायला त्यांना तेवढंच पुरतं. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात पाय घातल्यावर डॉक्टर गोळ्या देतात त्या याच्याचसाठी. वाघ्याच्या लसीत लेप्टोचा भाग आहे का, हे डॉक्टरांना तोंडाने विचार, नुसती सुई टोचून येऊ नकोस. तीन महिन्यांचा झाला की रेबीजची, आणि जंतांचं औषध तारखा लिहून. परातीतली माती छकुलीच्या हाताला लागता कामा नये. मोरीचं दार ओढून घेत जा, तुला दारं ओढायची सवयच नाही.

पंधरवड्यात मृग. या वेळी पाणी चढायला लागलं तर वाघ्याला कोण उचलणार, हे आजच ठरवून ठेवा. त्या साली दाव्याला बांधलेली किती गुरं उभ्या जागी गेली! त्याला साखळीने बांधून कुणी बाहेर पडायचं नाही. त्याचं लसीचं कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटावर ठेव, सिंकखालच्या खणात नको. सूनबाईला सांग, परातीची शिसारी येईल तेव्हा तिने फोन करावा. तुझ्याशी आत्या आठवडाभर बोलणार नाही.

काळी अजून संध्याकाळी फाटकापाशी जाऊन बसते.

तुझी
आत्या

ता. क. चार दिवस परातीत, पाचव्या दिवशी पुन्हा पलंगाखाली, असं होणारच आहे. तेव्हा पाहुण्यांनी विचारलं फरशी ओली कशी, तर सांग, तांब्या सांडला.