कान स्पष्ट, डोळे पुसट

आज मोबाईल समोर धरला की फोकसचा चौकोन आपोआप चेहऱ्यावर जाऊन बसतो. 1992 साली आमच्या बीडमध्ये हे काम आपल्यालाच करावं लागे.

मामांकडे 'झोर्की-4' होता, मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कचा. त्याच्या खिडकीत एकाच वस्तूची दोन चित्रं दिसतात. लेन्स फिरवायची, ती एकावर एक बसली की झाला फोकस! जुन्या 3.5 च्या लेन्सवर फोटो छान यायचे. मग मामांनी 2 ची 'ज्युपिटर-8' आणली. तिप्पट उजेड!

माझ्या मित्राचे आईवडील दसऱ्यानंतर ऊसतोडीला निघणार होते. तो आजीजवळ राहणार. म्हणाला, "आईचा फोटो काढ. माझ्याकडं बघती असा पायजे."

चुलीच्या उजेडात काढला. रोल धुऊन आला तर मावशींच्या कानातली फुलं स्पष्ट, डोळे पुसट! मित्र काहीच बोलला नाही. तेच जास्त लागलं.

मामांनी समजावलं. 2 वर, एक मीटर अंतरावर, स्पष्ट येणारा पट्टा जेमतेम 5 सेंटिमीटरचा. 8 वर तोच 20 च्या आसपास. म्हणजे खिडकी आधीपासूनच थोडं खोटं बोलत होती, जुनी लेन्स ते झाकून घेत होती.

मग गच्चीवर गेलो. कॅमेऱ्याची पाठ काढली, फिल्मच्या जागी बटरपेपर ताणला, शटर 'बी'वर उघडं धरलं. खंडोबाच्या देवळापुढच्या दीपमाळा कागदावर उलट्या, पण रेखीव उमटल्या. लेन्स निर्दोष! खिडकीत मात्र त्याच दीपमाळा दुहेरी. पुढचा झाकणस्क्रू काढून आतला बारीक स्क्रू मामांनी हळूच फिरवला, जुळल्या. मग एक मीटरवर वर्तमानपत्राचा मथळा लावला. तो जुळेना! आत एक कळ लेन्सच्या कडेला टेकते, तिचं टोक केसभर वळवलं. मथळा जुळला, दीपमाळा परत फाटल्या. पुन्हा स्क्रू, पुन्हा कळ. दिवे लागेपर्यंत हेच. (जेवायला दोन हाका आल्या होत्या.)

निघायच्या आदल्या रात्री दुसरा फोटो काढला. प्रिंट आली तेव्हा ट्रक गेलेला होता.

मित्रानं आधी कानच पाहिला, लबाड! मग बराच वेळ डोळे पाहिले.

"बघती की रे," म्हणाला, आणि फोटो भूगोलाच्या पुस्तकात ठेवला.