तालमीतला उजेड

पहाटे साडेपाचला तालमीत एकच दिवा जळत असतो. हौद्याच्या मधोमध, लांब वायरला लोंबणारा. त्याच्यावर वर्षानुवर्षांची माती बसलेली, त्यामुळं उजेडही तांबूसच उतरतो. पोरं कुदळीनं माती उकरत असतात. तेल, ताक, हळद मुरलेल्या त्या मातीचा वास अंगावर येतो, आणि मी भिंतीला पाठ लावून, कॅमेरा पोटाशी धरून, अंग चोरून उभा असतो.

पहिल्या दिवशी फ्लॅश मारला. वस्तादांनी मान न वळवता सांगितलं, "त्ये बंद कर. पोरांच्या डोळ्यांवर येतंय." जोडीचं मनगट सुटलं तर मान मोडते, त्यांचं बरोबरच होतं. फ्लॅश बंद केला आणि कॅमेऱ्यासोबत आलेल्या १८-५५च्या लेन्सवर भिस्त ठेवली. तिचं तोंड फार तर एफ ३.५ इतकं उघडतं. शटर सेकंदाच्या पंधराव्या हिश्शाच्या वर चढेना. घरी येऊन फोटो बघितले, तर पैलवानांच्या जागी नुसता धूर.

मग सगळे सांगतात तेच केलं. ५० मिमी, एफ १.८. स्वस्त, हलकी, उजेड भरपूर घेणारी. पण माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान, दीडपटीचा; त्यावर ही पन्नासची लेन्स पंचाहत्तरसारखी वागते. कोल्हापूरच्या खासबागेत ठीक आहे. शाहू महाराजांनी बांधलेलं एवढं मोठं मैदान, तिथं लांबूनच बघायचं असतं. तालमीत मात्र मागं सरकायला भिंत सोडत नाही. चौकटीत एक खांदा, एक फुटका कान. धोबीपछाड कुठं आहे ते शोधावं लागतं.

मला हवी होती रुंद बघणारी आणि अंधारातही बघणारी लेन्स. हे दोन्ही गुण एकीत मागितले की किंमत चढते, आणि त्याला कारण आहे. आरशाच्या कॅमेऱ्यात लेन्स आणि सेन्सर यांच्यामध्ये आरसा हलायला जागा लागते. निकॉनमध्ये ती ४६.५ मिमी. सोळा मिमीची लेन्स एवढ्या लांबून चित्र पाडायची म्हणजे उलट्या दुर्बिणीसारखी रचना करावी लागते. पन्नासच्या साध्या लेन्सला सहा काचा पुरतात. सॅमयांग कंपनीच्या १६ मिमी एफ २ ला तेरा लागतात. तेरा काचा घासायच्या, एका रेषेत बसवायच्या, त्याचे पैसे कुणीतरी देणारच.

सॅमयांगनं एका ठिकाणी पैसे वाचवलेत: या लेन्सला ऑटोफोकस नाही. कड्याला हात लावून स्वतःच फोकस करायचा. कुस्तीसाठी अशी लेन्स म्हणजे वेडेपणा, असं मलाही वाटलं होतं. मग कागदावर हिशेब मांडला. एफ २ ला, तीन मीटरवर कडं लावून ठेवलं, तर साधारण दोन मीटरपासून साडेपाच मीटरपर्यंत सगळं चालण्याजोगं स्पष्ट येतं. भिंतीपासून हौद्यापर्यंतचं अंतर याच्या आतच बसतं. म्हणजे कडं एकदा लावायचं आणि विसरायचं.

नवी घेणं खिशाला झेपत नव्हतं, म्हणून जुनी शोधली. कोल्हापुरात जुनी लेन्स घेताना ओरखड्यापेक्षा बुरशीला भ्यावं. जून ते सप्टेंबर इथं कपाटातल्या चपलांनाही पांढरं फूल येतं. काचेच्या आतही तेच होतं. लग्नाचे फोटो काढणाऱ्या एका गृहस्थानं आणलेली पहिली लेन्स बाहेरून लखलखीत होती. मागून मोबाईलचा टॉर्च धरला, तर आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे. दुसरीच्या रबरी कड्याचा रंग उडाला होता, पुढच्या काचेवर नखाएवढा ओरखडा होता, पण आत लख्ख. दुसरी घेतली. आता ती हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांशेजारी झोपते. घरात लोणच्यालाही एवढी राखण नाही.

घेऊन येताना खरी कॉर्नरला थांबलो. तिथं चित्रपटकार बाबूराव पेंटरांच्या स्मरणार्थ कॅमेऱ्याचा स्तंभ आहे. रोज त्याच्या बाजूनं गाड्या जातात. मान वर करून बघणारे थोडे. बाबूरावांनी नात्यानं भाऊ असलेल्या आनंदरावांसोबत सिनेमाचा देशी कॅमेरा बनवायचा ध्यास घेतला. १९१६ साली आनंदराव गेले, तरी बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांच्या मदतीनं १९१८ साली कॅमेरा पुरा केला आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आणला. माझ्या पिशवीत परदेशात बनलेल्या, दुसऱ्यानं वापरलेल्या तेरा काचा. माझी धडपड किती लहान, हे त्या स्तंभाखाली उभं राहिल्यावर कळलं. पण परवडत नाही म्हणून हात बांधून बसायचं नाही, ही या गावाची सवय मला तिथं ओळखीची वाटली.

दुसऱ्या पहाटे तोच दिवा, तीच भिंत. एफ ३.५ पेक्षा एफ २ ला तिप्पट उजेड आत येतो. शटर पन्नासाव्या हिश्शाच्या जवळ गेलं. एकानं पट काढला, माती उडाली. फोटोत हात थोडा हललाय, पण चेहरा ठाम आहे. मागं जोर काढणारा पोरगा आहे, खुंटीवरचे लंगोट आहेत, कोपऱ्यातला हनुमान आहे आणि त्या सगळ्यांना धरून ठेवणारा तो मळका दिवाही आहे. कडेची माणसं जरा ताणलेली दिसतात, हा रुंद लेन्सचा दोष. जवळचा हात गदेएवढा दिसतो, हाही दोषच. पण तालमीत तो खरा वाटतो.

छापलेला फोटो वस्तादांनी दिव्याखाली धरून बराच वेळ बघितला. "हां," म्हणाले, "आता तालीम दिसतीया."

तुम्हीही अशी लेन्स शोधत असाल, तर आधी आपण किती मागं सरकू शकतो ते मोजा. मग किंमत विचारा. आणि जुनी घेणार असाल, तर पैसे देण्याआधी टॉर्च लावा. काचेवरचा तो ओरखडा माझ्या एकाही फोटोत आजवर दिसलेला नाही.