दातांचं स्वप्न आणि एकवीसशे रुपये

भंडारा,
गुरुवार, रात्री

प्रिय बेबी,

तुझी चिठ्ठी मिळाली. तुझ्या पोरानं तांदळाच्या थैलीतच ठेवली होती, कागदाला चिन्नोरचा वास लागलाय. तांदूळ सुरेख आहे, त्याबद्दल मागाहून. आधी भांडून घेते. फोनवर तू रडतेस आणि मी ओरडते, म्हणून लिहायला बसले. पोरगा उद्या निघेल, त्याच्याच हाती देईन.

स्वप्नात तुझे दात पडले आणि त्यावर उपाय म्हणून तू माझ्या आयुष्यासाठी एकवीसशे रुपये मोजून आलीस? तेही गुत्त्याच्या रोवणीचे, दिवसभर चिखलात वाकून मिळवलेले? मी नोव्हेंबरात बँकेत जाऊन हयातीचा दाखला देते. सरकारला तो वर्षभर पुरतो, तुला का पुरू नये? वर चार गुरुवार निरंकार! रोवणीच्या दिवसांत उपाशी पोटी बांधावर चक्कर येऊन पडलीस म्हणजे मग कोणाचं आयुष्य वाढलं म्हणायचं? माझ्यावरच्या मायेनं केलंस हे कळतं गं. म्हणूनच जास्त राग आला.

ज्याला पैसे दिलेस त्या स्वप्नं सांगणाऱ्या माणसानं तुला पुस्तिकेतून वाचून दाखवलं, वरचा दात पडला तर घरातलं वडीलधारं माणूस जातं, खालचा पडला तर लहान. तू लिहिलंस, छापलेलं आहे म्हणजे काहीतरी असेलच. अगं, अठराशे वर्षांपूर्वी आर्टेमिडोरस नावाच्या ग्रीकानं स्वप्नांवर पाच भागांचा ग्रंथ लिहिला, त्यातही असंच काहीसं आहे. तोंड म्हणजे घर, उजवीकडचे दात पुरुष, डावीकडचे बायका, वरचे मानाचे, खालचे कमी मानाचे. तेव्हापासून लोकांचे दात स्वप्नात पडताहेत आणि ज्यांच्या घरी कोणी गेलं तेवढेच लोक ते स्वप्न लक्षात ठेवताहेत. बाकीच्यांनी सकाळी उठून चूळ भरली आणि कामाला लागले, त्यांची नोंद कोण ठेवणार? फ्रॉइडनं या दातांचा काय अर्थ लावला होता ते मी इथे लिहीत नाही, पत्र पोराच्या हाती जाणार आहे.

तुझ्या दातांचं मला विचारशील तर इस्रायलमधल्या दोघा संशोधकांनी २०१८ साली दोनशेच्या वर माणसांना विचारून पाहिलं. दात पडल्याची स्वप्नं ज्यांना पडत, त्यांच्या मनावरचा ताण मोजला तर त्याचा फारसा मेळ बसला नाही. मेळ बसला तो सकाळी उठल्यावर जबडा, हिरड्या, दात ठणकण्याशी. तू लहानपणापासून झोपेत दात खातेस. एका पांघरुणात झोपायचो तेव्हा मी तुला कोपरानं ढोसायची, आठवतं? आई म्हणायची जंत झालेत, आणि दुसऱ्या दिवशी तुला कडू काढा मिळायचा. आता त्यावर तुझी मिसरी. हिरड्या दाखव कुणाला तरी, एकवीसशेत दोन दाढा भरून झाल्या असत्या.

चिठ्ठीत तू मला तुकोबांचं नाव घेऊन गप्प करायला पाहतेस. त्यांना गुरुमंत्र स्वप्नात मिळाला, मग स्वप्न खोटं कसं? खोटं मी कधी म्हटलं? बाबाजी चैतन्य स्वप्नात आले, मंत्र दिला, भोजनाला पावशेर तूप मागितलं आणि तुकोबा तेसुद्धा द्यायला विसरले, असं ते स्वतःच सांगतात. पावशेर तूप, बेबी, आणि तेही उधार राहिलं. तुझ्या त्या माणसानं मात्र रोख घेतले. शिवूरच्या बहिणाबाईंना तुकोबा स्वप्नात दिसले, तेही त्यांचे अभंग कीर्तनात ऐकून ऐकून जीव त्यांच्याकडे लागला होता तेव्हा. दिवसभर ज्याचा ध्यास, रात्री त्याचीच भेट. मनी वसे ते स्वप्नी दिसे हे आपण शाळेत फळ्यावर लिहिलं, पण जगताना कधी धरलं नाही.

चरकानं तर स्वप्नांचे सात प्रकारच केलेत. पाहिलेलं, ऐकलेलं, अनुभवलेलं, हवंसं वाटणारं, मनानं रचलेलं, पुढचं सुचवणारं आणि शरीरातल्या दोषानं पडणारं. त्यातल्या पहिल्या पाचांना काही फळ नाही, असं त्यानं सरळ सांगून टाकलंय. उरलेल्या दोनांतलं पुढचं सुचवणारं मी मानत नाही, ते माझं आणि चरकाचं भांडण. सातवं, शरीराचं, मात्र लक्षात ठेव. त्याच्याकडे मी येणार आहे.

पाहिलेल्याचं उदाहरण तूच. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत रात्रभराचं नाटक, आपण पोत्यावर, तू पहिल्या अंकातच माझ्या मांडीवर आडवी. पहाटे खलनायक पेटीच्या सुरावर ओरडला आणि तू झोपेत अशी किंचाळलीस की मागच्या बायका आधी घाबरल्या आणि मग हसत सुटल्या. महिनाभर तो मिशीवाला तुझ्या स्वप्नात येत होता. आजीनं काय केलं? ‘वंगाळ सपन पडलं त पान्याले सांगाचं,’ म्हणून तुला विहिरीवर नेलं, घागर भरेपर्यंत तुझ्याकडून सगळं वदवून घेतलं. विहिरीनं ऐकलं की नाही देव जाणे, आजीनं मात्र अक्षर न् अक्षर ऐकलं. फी नाही, लिंबू नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे, आणि तुझा भाचा म्हणतो तसं मी ते सगळ्या लग्नात, बारशात बोलत असते, तर पुन्हा ऐक. स्वप्न पडलं की आपण उद्या काय होणार ते विचारतो. विचारायला हवं काल काय झालं ते. अमेरिकेत कॅल्व्हिन हॉल नावाच्या मानसशास्त्रज्ञानं हजारो स्वप्नं लिहून घेऊन मोजली. त्यांत भविष्य कुठलं, माणसं दिवसा ज्या काळज्या आणि जी भांडणं वाहतात तीच रात्री पुढे चालू. माझ्या वयाच्या बायकांना अजून गणिताचा पेपर पडतो स्वप्नात, वेळ संपते, पेनातली शाई संपते. आणि तो पडतो बहुतेक पास झालेल्यांनाच, हे फ्रॉइडलाही दिसलं होतं. म्हणजे पेपर गणिताचा नसतो. सून यायची असते, निकाल लागायचा असतो, कर्जाचा हप्ता असतो. कुणाच्या दिवसात काय चाललंय ते त्या पुस्तिकेला कसं कळेल? आपल्या घरांत जेवलास का हे दारातल्या भिकाऱ्यालाही विचारतात, झोप लागली का हे घरच्या बाईला कोणी विचारत नाही.

म्हणून तुझ्या पाण्याच्या स्वप्नाबद्दल मला दातांपेक्षा जास्त वाटतं. तू त्याला दोनच ओळी दिल्यास. ओसरीवर पाणी चढतंय, तुला कोठीतलं बियाणं काढायचंय, पाय उचलत नाहीत. पाय न उचलण्याचं सोपं आहे. १९५३ साली शिकागोत ॲसरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी दाखवलं की झोपेत ठरावीक वेळानं डोळे पापण्यांखाली भराभर फिरतात, आणि तेव्हा उठवलं तर माणूस स्वप्न सांगतो. ॲसरिन्स्कीनं त्यासाठी आपल्या आठ वर्षांच्या मुलाच्या डोक्याला तारा लावून रात्री काढल्या होत्या. त्या झोपेत मेंदू हातापायांचे स्नायू सैल सोडतो, नाहीतर आपण खरंच पळत सुटलो असतो. पाय हलत नाहीत ते त्यामुळे असावं, कुणी धरून ठेवलंय म्हणून नव्हे.

पण ओसरी कुठली आहे गं ती? नव्या गावठाणातल्या तुझ्या घराला ओसरी नाही, कोठीही नाही. ती जुन्या गावची ओसरी. १९८८ च्या एप्रिलात राजीव गांधींच्या हातून गोसेखुर्द धरणाची पायाभरणी झाली तेव्हा तू त्या घरात नवी सून होतीस. मग किती वर्षं नुसती नोटिसांची, मोजणीची. भिंती मोजल्या, झाडं मोजली, विहीर मोजली. सासूबाईंनी शेवटी चूल सारवली आणि मगच घर सोडलं, ते तू मला एकदाच सांगितलंस, पुन्हा कधी नाही. मोबदल्याच्या कागदावर झोपेचा रकाना नव्हता, आणि मला विचारशील तर पुनर्वसनातल्या सगळ्या गावांत कोणी तरी बसून बायांना एवढंच विचारायला हवं होतं, रात्री काय दिसतं? रस्ता, नळ, समाजमंदिर, सगळ्याची मागणी झाली. याची कोण करणार! २०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगा इकडे भंडाऱ्यात शिरली, माझ्याकडे पाणी आलंही नव्हतं, तरी तू रात्रभर मला फोन करत होतीस. तेव्हाच मी ओळखायला हवं होतं असं आता म्हणत बसत नाही, पण दर आषाढात तुझा आवाज बदलतो एवढं मला माहीत आहे.

आणि पाणी म्हणजे नेहमी पाणीच असंही नाही. अर्नेस्ट हार्टमन लिहून गेलाय की आगीतून वाचलेल्या माणसालाही मोठी लाट अंगावर आल्याचं स्वप्न पडतं. झेपत नाही एवढंच त्यातून कळतं. यावर एक करून बघ, पैसे पडत नाहीत. दिवसा, डोकं शांत असताना, ते स्वप्न कागदावर लिही आणि शेवट तुला हवा तसा बदल. पाणी पायरीवर थांबलं, बियाणं निघालं, जवाईबापू होडी घेऊन आले, काहीही. रोज पाच-दहा मिनिटं तो नवा शेवट डोळ्यांपुढे आण. वारंवार येणाऱ्या वाईट स्वप्नांवर डॉक्टर हा उपाय देतात आणि बऱ्याच जणांना त्यानं उतार पडतो. नाहीच जमलं तर १४४१६ वर फोन कर, सरकारी आहे, मराठीत बोलतात. वेड लागलेल्यांसाठीच असतो असं मनात आणू नकोस.

इथवर लिहून चहा घेतला आणि तुझी चिठ्ठी पुन्हा काढली. कागदाच्या कडेला आडवं लिहिलंस ते खरं सांगायचं होतं ना तुला? ‘हे रात्री डुकराशी भांडतात. परवा बुक्की बसली, ओठ सुजला. शेजारी सांगितलं पाटावरून पडले.’ बेबी, दातांना दीड पान आणि याला कडेची जागा?

जवाईबापूंनी एवढ्या वर्षांत तुझ्यावर आवाज चढवलेला मी ऐकला नाही. धान राखायला रात्र रात्र मचाणावर काढलेल्या माणसाला रानडुक्कर स्वप्नात येणारच, त्यात काही नाही. पण हातपाय खरोखर चालतात, यात आहे. मघाशी म्हटलं ना, स्वप्नाच्या झोपेत स्नायू सैल असतात. फ्रान्सच्या जूव्हेनं मांजरांच्या मेंदूतली ती जागा बिघडवली तर मांजरं झोपेतच शिकार करायला लागली. पुढे १९८६ साली मिनियापोलिसच्या शेंक आणि माहोवाल्ड या डॉक्टरांनी माणसांतला हाच आजार मांडला. पन्नाशीच्या पुढचे, बहुतेक पुरुष, दिवसा शांत, आणि झोपेत बुक्क्या, लाथा, पलंगावरून उडी. उठवलं की सांगतात, कुणीतरी हल्ला करत होतं. बाहेरचं काही नाही गं त्यात. चरकाचं ते सातवं हेच, असं मला वाटतं.

लिहू की नको करत होते, पण लिहिते. यातल्या पुष्कळांना पुढे काही वर्षांनी, कधी दहा, कधी वीस, कंपवातासारखा मेंदूचा आजार होतो. प्रत्येकालाच नाही. कधी घोरण्यात श्वास अडकून असंच होतं, कधी एखाद्या गोळीनं. ते डॉक्टरच सांगतील, मी नाही. पण मला सांग, त्यांना वास येतो का नीट? गेल्या पोळ्याला फोडणी जळून घर धुरानं भरलं, तुम्ही सगळे खोकत बाहेर आलात आणि ते आत बसून विचारत होते काय झालं, तेव्हा आपण हसलो होतो. मला आज ते हसू आठवून बरं वाटत नाही. शौचाला साफ होतं का? सही बारीक झाली का? चालताना एक हात हलायचा थांबलाय का? हे त्यांना विचारू नकोस, नुसतं बघ.

आणि तुझ्या त्या माणसानं सांगितलं म्हणून त्यांच्या उशाखाली विळा ठेवलायस, असं पोरगा आज जेवताना सहज बोलून गेला. बेबी, झोपेत हात चालवणाऱ्या माणसाच्या डोक्याखाली विळा! पत्र वाचून होताच तो काढ आणि गोठ्यात नेऊन टांग. लोखंडानं स्वप्न पळतं असं आजीही म्हणायची, पण आजोबा झोपेत कोणाला मारत नव्हते. पलंगाऐवजी खाली गादी घाल, कंदील, तांब्या, पाट लांब सरकव. तू काही दिवस पोरीच्या खोलीत झोप. त्यांना वाईट वाटेल, सकाळी ओठ बघून आधीच मान खाली घालून बसत असतील. त्यांना सांग की हा आजार आहे आणि औषधानं मार लागणं पुष्कळ कमी होतं. मंद प्रकाश असेल तर पोराला मोबाइलवर एका रात्रीचं चित्रीकरण करू दे, डॉक्टरांना सांगण्यापेक्षा दाखवलेलं बरं.

सोमवारी पहाटेच्या गाडीनं पवनीहून नागपूरला या. मी इथून निघते, मेडिकल कॉलेजच्या मोठ्या गेटजवळ थांबेन. तिथून सुपर स्पेशालिटीला न्यूरोलॉजीकडे पाठवतील तर मी सोबत आहे. रोवणी दोन दिवस राहिली तर पऱ्हे काही मरत नाहीत. ते घेतात त्या गोळ्यांची रिकामी पाकिटं सगळी आण, दुकानदारानं दिलेली झोपेचीसुद्धा. आधार कार्ड विसरू नकोस, मागच्या वेळी केलंस तसं.

तुझी,
ताई